जपानच्या रांगेत थायलंडच्या गाड्या

दंतवैद्यांच्या बाकावर कवळी बसवून घ्यायला आलेल्या काकूंचे डोळे मिटलेले होते, पण कान शेजारच्या नवरा-बायकोकडे होते.

"माझी आई एकटी पडलीय," बायको म्हणत होती. " आपल्याकडे राहायला आणू का, एवढंच विचारलं मी."

"घरात माणूस वाढवणं सोपं आहे का? आधी माझं बघ. कॉम्प्युटर गेममधल्या लढाईसाठी चार वर्षं निव्वळ जपानी रणगाडे जमवले. आता कंपनीनं त्यांच्याच रांगेत थायलंडच्या गाड्या आणून उभ्या केल्यात."

"मग बिघडलं काय?"

"रंग वेगळा, चाल वेगळी. माझ्या जपानची पार शोभा गेली."

"काल तर थाई गाडीच चालवत होतात."

"ती विमानं पाडते. जपानकडे तशी नाही, म्हणून जरा घेतली."

"किती पाडली?"

"तीन. नेम चांगला आहे, खोटं कशाला बोलू?"

"म्हणजे परकी आली आणि तुमचंच घर राखलं."

"गाडीचं निराळं, आईंचं निराळं. आई काय पाडणार आहेत?"

"तुमच्या आत्याबाई दर रविवारी येऊन तुम्हाला तासभर झाडतात ना? आईपुढे त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही."

नवऱ्याने सुजलेला गाल हाताने धरला. तेवढ्यात आतून काकूंना हाक आली.

"दुसऱ्या कुणाला घ्या हो," काकू डोळे न उघडता म्हणाल्या, "इथे आत्ता कुठे कीर्तनाचा उत्तररंग सुरू झालाय."

"ऐक," नवरा हळूच बायकोला म्हणाला, "आईंना शनिवारीच आणू."