आंधळगावापल्याडचं विमान

...अन् अंगावर नवीकोरी कोशाच्या रेशमाची साडी, तुमाले सांगते, बांधीतल्या धानात घोट्यापरेंत चिखल, हातात चपला, अन् आमचे हे पुढं पुढं! काहून? तं विमान पाहाले! इंग्रजाच्या लढाईतलं, पडलेलं! अवो, तिकडं लाखनीले माह्या सख्ख्या बहिणीच्या पोरीचा, तृप्तीचा साखरपुडा, ओटी मीच भरणार, अन् मी कुठं? आंधळगावच्या पार पल्याड, झुडपात! तुमसरहून निघालो तवाच म्हणे, "रिता, रस्त्यातच आहे, पाच मिनिटाचं काम!" पाच मिनिटं! लोकाच्या बायका फिराले जाते तं ताजमहाल पाह्यते, म्या काय पाह्यलं? गंजक्या तोफा अन् पडके बुरूज! "इतिहास आहे, रिता!" इतिहासात गोम असते हो, चावते!

रस्ता विचारला तं एक माणूस म्हणते, "विमान ना? थे काय, शकुनबाईच्या घरामांगं." अन् खरंच होतं बापा! अर्धंच... वरून दोडक्याचा वेल, अन् आत? बकऱ्या! खिडकीतून तोंडं काढून आमच्याकडंच पाहून राहिल्या, जसं काही तिकीट काढून बसल्या! हे तं पागलच झाले, फोटोवर फोटो. मी ओरडून राहिली, "अवो, मुहूर्त चालला!" तं काय? "पाच मिनिटं, रिता!"

मंग थे म्हातारी शकुनबाई आली, पाणी देल्लं. मी आपलं असंच विचारलं, "आजी, चालवणाऱ्याचं काय झालं वो?" तिनं मोहाच्या झाडाखाली बोट केलं. एक दगड होता. "पोरगंच होतं म्हणे, बाई. मिसरूडबी नाही फुटलं. नाव कोणाले मालूम? माह्या सासऱ्यानं माती देल्ली. जीव जाताना आईले बलावत होता म्हणे. भाषा आपली नाही, पण समजते ना वो..."

मी खालीच बसली, साडीसकट, चिखलात. ओटीचा नारळ होता पिशवीत, थो त्या दगडापाशी ठेवला. अन् हे घाबरले! "रिता, चल ना, मुहूर्त..." म्या म्हटलं, "पाच मिनिटं थांबा हो!"

लाखनीले पोचलो तं मांडववाले खुर्च्या उचलून राहिले. बहीण म्हणे, "आल्या महाराणी!" तवापासून बोलतच नाही. अन् शकुनबाईनं निघताना नंबर घेतला होता, तिचा फोन येते, "विमानात बकरी व्याली, पाहाले येता का?" जाऊन राहिलो उद्या... दुसरं जाव कुठं? नातेवाईक म्हणून आता थेच उरले!