हिराकाकीच्या गाण्यावरचा दावा

माझ्या आयाबहिणींनो, भावांनो, आणि खर्डीहून, वैशाखऱ्याहून भाताची कापणी सोडून आलेल्या पाहुण्यांनो,

मी सुनंदा. लग्न होऊन या वाडीत आले तेव्हापासून हिराकाकीच्या मागं बसून गायले. गायला सांगितलं असतंत तर जमलं असतं. बोलणं अवघड जातंय. तरी बोलणार. कारण काकीच्या गाण्याची गोष्ट अर्धीमुर्धी फिरतेय. ती आज तिच्या माणसांसमोर नीट सांगायला पायजे.

हिराकाकी आमची धवलेरी. लग्नाची गाणी गाणारी बाई. तिच्या आवाजाशिवाय या भागात कुणाला हळद लागली असेल, तर हात वर करा.

बघा. एकही हात नाय.

खर्डीच्या दीपालीच्या हळदीत कुणीतरी काकीचं गाणं मोबाइलवर घेतलं. या मोबाइलवरून त्या मोबाइलवर गेलं. मुरबाडच्या जीपमध्ये वाजायला लागलं. काकी किती खूश! म्हणायची, "बघ गो सुनंदा, मी हितं भात लावतंय न् माजा आवाज माळशेज चढून आला."

मग एका गाण्याच्या कंपनीनं तेच गाणं आणि काकीची आणखी दोन उचलली. खाली ढोल टाकले आणि आपल्या नावानं इंटरनेटवर चढवली. काकीचं नाव कुठंच नाय. आमाला पत्ताही नव्हता. पण काकीची सून वैशाली, ही समोर बसलीय, तिनं काकीचा अंगणात गातानाचा व्हिडिओ टाकला, आणि तो उडाला. मेसेज आला, या गाण्यावर कंपनीचा दावा आहे, हक्क दुसऱ्याचे आहेत. वैशालीनं वाचून दाखवला. काकी म्हणाली, पुन्हा वाच. पुन्हा वाचला. मग काकीनं विचारलं, "म्हंजी मी माजंच गानं चोरलं?"

हसू नका. ती हसली नव्हती. त्या दिवशी ती जेवली नाय.

वाडीत बैठक बसली. पुष्कळ जण म्हणाले, आता हळदीत मोबाइल बंद करा, कुणाला काही घेऊ देऊ नका. काकी उठून उभी राहिली. "फोन नका बंद करू. मला ही गानी माज्या मावशीनं दिली. तिनं कदी हात आखडला नाय. वाटनं येगळं, बळकावनं येगळं."

वाटणं वेगळं, बळकावणं वेगळं. हक्काचा कायदा मला फारसा कळत नाय. एवढं मात्र कळतं.

काकी, वैशाली न् मी, आमी तिघी कल्याणला त्या कंपनीत गेलो. तिथला माणूस वाईट नव्हता. पाणी दिलं, खुर्ची दिली. म्हणाला, "आजी, तुमचं नाव टाकतो. फक्त तुमची सगळी गाणी आमच्याकडं द्या. इथं सही करा."

काकीनं विचारलं, "न् मंग माजी सून लग्नात गायली, तिचा व्हिडिओ टाकला, तर?"

तो म्हणाला, "आधी आमची परवानगी घ्यावी लागेल."

"मंग असं नाव नको मला. चला गो." आणि काकी जिना उतरून गेली.

मग आमी दाव्याला उत्तर द्यायचं ठरवलं. आपल्या गाण्यात नवरीचं आणि तिच्या गावाचं नाव घालायची रीत. कंपनीनं ते तसंच ठेवलं होतं. ढोलातून अजून 'खर्डीची दीपाली' ऐकू येते! दीपाली स्वतः पुढं आली. तिनं लिहून दिलं, ही माझी हळद, हे गाणं हिराकाकीनं माझ्यासाठी म्हटलं. लग्नाचं शूटिंगही दिलं. वैशालीनं सगळं त्या व्हिडिओच्या साइटवाल्यांना पाठवलं. फार वाट बघितली. शेवटी दावा उठला, व्हिडिओ परत आला. काकीनं तो शेवटपर्यंत ऐकला आणि काय म्हणाली? "दुसरी दोन राह्यली की."

त्या दोन गाण्यांवरचा दावा अजून तसाच आहे.

मग तिनं एकेक गाणं स्वतःच रेकॉर्ड करायला घेतलं. प्रत्येकाच्या आधी सांगायची, "हे मला मावशीनं दिलं. तुमी गा, दुसऱ्याला द्या. पन माजंच म्हनून कुनाला अडवू नका." ताप अंगात असतानाही बसायची. वैशाली रागवायची, तर म्हणायची, "ताप मला आलाय, गान्याला नाय." गेल्या मंगळवारी ती गेली. पुष्कळ गाणी रेकॉर्ड झाली. काही राहिली.

परवा मला एकानं विचारलं, काकी गेली, आता कशाला भांडायचं? अहो, तुळशीचं लग्न झालं की हळदी सुरू होतील. आपल्या पोरींनी आपल्याच अंगणात गायचं, आणि परवानगी कल्याणला मागायची? नाय मागणार. राहिलेली गाणी आमा बायकांना पाठ आहेत, ती आमी रेकॉर्ड करू. दोन गाण्यांवरचा दावा उठेपर्यंत उत्तरं पाठवत राहू. एकदा नाय ऐकलं तर पुन्हा पाठवू.

हिराकाकी, तुझ्या गळ्याला तुझ्या वाडीचा दंडवत.

आता सगळे उभे राहा.  वैशाली त्या दोनांतलं पहिलं गाणं म्हणेल. ज्याच्या हातात मोबाइल आहे त्यानं ते उघडपणे घ्यावं, काकीचं नाव लिहावं, आणि जिथं पाठवायचं तिथं पाठवावं.