पोट्टी पाहाले आले आन् नाटक पाहून गेले

माहा जन्म नागभीडकडल्या एका खेड्यातला, तलावाच्या पाळीखाली घर, चवथीपर्यंत शाळा शिकली आन् मंग मासोळीचं टोपलं डोक्यावर घेतलं. आमी ढिवर. लगन होऊन या गावाले आली तं काय सांगू तुमाले भाऊ, पाह्यते काय, नवरा दरसाल दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, तिच्या रातच्या नाटकात राणी बनते! तवा बाया स्टेजवर चढत नव्हत्या. माहंच लुगडं नेसे, माह्या बांगड्या हातात जाव्या म्हणून साबण लावे. नाटकाच्या दिवशी मासोळीले शिवत नव्हता, राणीच्या अंगाले वास येते म्हणे. मी म्हणो, रोज माह्या अंगाले येते थो चालते का जी? तं नुसता हासे. आन् स्टेजवर चालाचा कसा, शेजारीण म्हणे, हे तं तूच चालून राह्यली वो पारबता. मले राग येये, पन बसाची पुढंच.

देवाधर्माचं मले जास्त कळत नाई. नाटकाच्या पयले परद्यापुढं नारळ फोडतात, फोडोत. पन मंडई मले आवडते. धान घरात येते, पावणे येतात, नाटक पाहातात, आन् त्यातच पोट्ट्या पाहाचंही होऊन जाते. निम्म्या गावाच्या सोयरिकी अशाच जमल्या.

आता माहा माणूस नाई. नात आहे, कविता. यंदा गावच्या नाटकात तिले सुनेचं काम भेटलं. माहा लेक देवराव गरम, लोकं काय म्हणतीन? त्यात त्याच मंडईले सिंदेवाहीकडले पावणे तिले पाहाले येणार. मी म्हणलं, देवराव, तुहा बाप लुगडं नेसे तवा तू शिट्या मारे, आता काऊन लाज येऊन राह्यली? तो म्हणे, माय, तवाची गोष्ट वायली, आताची वायली. मी म्हणलं, वायली तं आहेच, तो गडीमाणूस होता. कविता म्हणे, बाबा, त्याईले सांगूच नका, एवढ्या रंगात मले कोन वळखते? सकाळी चहा घेऊन येईन.

नाटकात सासू सुनेले छळते. कविता अशी रडली का अख्खा मांडव रडला. पोट्ट्याची माय माह्या बाजूले, पदर तोंडाले लावून हुंदके देऊन राह्यली. मले म्हणे, कोनाचं वो लेकरू एवढं गुणाचं? मी कायले खोटं बोलू? म्हणलं, आमचंच. तुमी जिले पाहाले आल्या थेच.

सकाळी पोहे झाले, चहा झाला. थे बाई म्हणे, पोरगी लाखात एक आहे, पन एवढं खरं रडते, आमच्या घरी रडली तं खरं का नाटक, कसं समजाव? आन् गेले. देवराव मले म्हणे, माय, तुहं तोंड!

कविता चुलीपाशी बसून रडली. मी पाहात राह्यली तं म्हणे, आजी, हे खरं आहे. मी म्हणलं, मले समजते वो, खरं रडतानी तुहं नाक गळते. तशी हासली.

आता वडशाची एक नाटक मंडळी तिले बोलावून राह्यली. देवराव हो म्हणत नाई, पन काल सोताच विचारे, मुक्कामाले सोबत कोन जाईन? मी म्हणलं, मी जाईन, बसाले खुर्ची पायजे फक्त. जाऊ दे तिले भाऊ, सुखी राहो. तिचं रडणं वळखणारा पोट्टा भेटला तं करन लगन. नाई भेटला तं लोकाईले रडवत राहीन.