रिकाम्या खुर्चीची प्रार्थना

लायल हे लिहिणारच नव्हता, पण राहवलं नाही. ओहायोतल्या त्याच्या मेथडिस्ट पंथाच्या चर्चच्या तळघरात जेवणाची रांग लागली होती. जेवण झालं की मतदान होतं: मेथडिस्टांच्या मोठ्या मंडळात राहायचं, की बाहेर पडायचं? त्याच्यापुढे ओपल आणि व्हर्ना, मागे त्याचे पाहुणे, धर्मशास्त्राचे म्हातारे प्राध्यापक हॅस्किन्स. त्यांना इथे चेहऱ्यानं कुणी ओळखत नव्हतं.

“मी बाहेर पडायलाच मत देणार,” ओपल म्हणाली. “त्या हॅस्किन्सनं दोन पुरुषांचं लग्न लावलं, आणि मंडळ गप्प!”

“आणि पुस्तकं लिहितो मेला. देवाच्या घरी म्हणे सगळ्यांना जागा.”

“तू वाचलंस?”

“छे, मी कशाला हात लावू! बटाटे घे गं ओपल, माझेच आहेत.”

“पण व्हर्ना, बाहेर पडलो तरी आपली जेवणाआधीची प्रार्थना राहील ना?”

“न राहायला काय झालं? ‘देवा, एक खुर्ची रिकामी ठेव, आम्ही न बोलावलेल्यासाठी.’ माझे तर दर वेळी डोळे भरतात.”

“जुन्या लोकांची श्रद्धाच वेगळी, बाई. आताच्यांना जमेल का असलं लिहायला?”

लायल मागे वळून कुजबुजला, “सर, ही प्रार्थना तुम्हीच विद्यार्थी असताना लिहिलेली ना? सांगतो त्यांना. मत फिरेल.”

“मत नाही फिरणार रे. प्रार्थना बंद होईल.”

तेवढ्यात ओपल वळली. “अहो, नवे दिसता तुम्ही. आमच्याच टेबलावर या, एक खुर्ची मोकळी आहे.”

“येतो की,” सर म्हणाले, आणि त्यांनी लायलचा दंड धरला. “बोलणार नाहीस.”

“बरं. मतमोजणी होईपर्यंत नाही.”

“त्यानंतरही.”

“त्यानंतरही नाही, सर. शप्पथ.”