सासूबाईंनी उचललेलं वजन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या व्यायामशाळेचे संस्थापक, प्रमुख पाहुणे म्हणून लाभलेले हाडांचे डॉक्टर, व्यासपीठावर बसलेल्या आणि आतापासूनच माझ्याकडे डोळे वटारून पाहणाऱ्या सत्कारमूर्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांच्या शेजारी बसलेले निवृत्त न्यायाधीश, म्हणजे माझे सासरे, आणि समोर गाद्यांवर, बाकांवर, व्यायामाच्या यंत्रांवर जागा मिळेल तिथे बसलेल्या रसिक बंधुभगिनींनो,

सायकलीवर बसलेल्या काकांना एक विनंती. भाषण संपेपर्यंत पायडल मारू नका. माझी लय चुकते.

सासूबाईंचा सत्कार वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी होतो आहे. उद्यापासून त्या इथे साठीपुढच्या मंडळींना शिकवणार आहेत. ‘या वयात कसं काय जमलं?’ असं मला दुकानात रोज कुणीतरी विचारतं. माझं औषधांचं दुकान आहे. लोकांना वाटतं, जावई केमिस्ट म्हटल्यावर मागच्या फळीवर काहीतरी गुपित दडवलेलं असणार. म्हणून आज सगळ्यांसमोर सांगून टाकतो.

दीड वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी मी सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या द्यायला गेलो. बेल वाजवली, आतून आवाज आला, “किल्ली आहे ना तुमच्याकडे? या आत.” आत गेलो तर न्हाणीघराच्या दारात दोघंही जमिनीवर बसलेले. मधे वर्तमानपत्र. एक पान यांच्याकडे, एक पान त्यांच्याकडे.

“या जावईबापू, बसा,” सासूबाई म्हणाल्या.

कुठे बसू? म्हटलं, “काय झालं?”

“काही नाही. हे पडले.”

“मी पडलेलो नाही,” सासरे म्हणाले. “मी बसलो आहे.”

“मग मी यांना उठवायला गेले. ते जमलं नाही, म्हणून शेजारी टेकले. आता मलाही उठता येत नाही.”

शेजाऱ्यांना हाक का मारली नाही, असं मी विचारलं. सासरे म्हणाले, “कशासाठी? साक्षीदार जमवायला?”

मी दोघांना उठवलं. लागलं काही नव्हतं. आम्ही हसलोसुद्धा. पण चहा ओतायला सासूबाईंनी मला आत बोलावलं. स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाल्या, “आज तुम्ही आलात. ज्या दिवशी कुणी येणार नाही, त्या दिवशी मी काय करू? पान वाचून संपल्यावर?”

मंडळी, या प्रश्नाला माझ्या दुकानात औषध नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या काउंटरवर हजर. “ती उचलायची पावडर द्या.”

“कसली?”

“ती हो. डब्यावर तो फुगलेला माणूस असतो ती.”

मी म्हटलं, “आई, नुसत्या पावडरने ताकद येत असती, तर ज्या फळीवर मी डबे ठेवतो ती फळी आज कुस्ती जिंकली असती. आधी व्यायाम. मग जेवण. दूध, अंडी, डाळी, जे पचतं ते, थोडंथोडं दिवसभरात. त्यातून प्रथिनं कमी पडली तरच डबा. आणि त्याआधी डॉक्टरांना दाखवा, मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या.” ही तपासणी याच डॉक्टरसाहेबांनी करून घेतली. ‘व्यायाम करा, पण शिकून करा’ असं ते म्हणाले, आणि फी घ्यायला विसरले नाहीत. डॉक्टरसाहेब, आपण हसलात, आभारी आहे.

मग त्या इथे आल्या. इथल्या प्रशिक्षक, ज्यांना नातीच्या वयाच्या असूनही आपण सगळे ‘ताई’ म्हणतो, त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, “आजी, तुमचं ध्येय काय?”

“नवरा.”

“म्हणजे?”

“उचलायचाय.”

ताईंनी फक्त विचारलं, “वजन किती आहे त्यांचं?” त्यांच्याबद्दल माझ्या मनात जो आदर आहे, तो त्या प्रश्नापासून.

सुरुवात खुर्चीपासून झाली. हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं. मग पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकणं. मग रिकामी काठी, मग दांडा, मग वजन, दर वेळी इतकं थोडं वाढवायचं की स्नायूंना राग येऊ नये. आणि मधले दिवस विश्रांती. ती विश्रांती सासूबाईंना सगळ्यात जड गेली. त्या घरी गुपचूप सराव करायला लागल्या.

कशाचा सराव? तर त्यांनी वाळूची पिशवी शिवली, माणसाएवढी. तिला सासऱ्यांचा जुना स्वेटर घातला. तिला त्या ‘धाकटे’ म्हणायच्या. सकाळी धाकट्यांना न्हाणीघराच्या दारात आडवं करायचं आणि दिवाणखान्यापर्यंत ओढत आणायचं.

समोरच्या इमारतीत संगीताच्या शिक्षिका राहतात. त्यांनी खिडकीतून काय पाहिलं असेल, कल्पना करा. न्यायाधीशांच्या पत्नी न्यायाधीशांना बगलेत धरून फरफटत नेताहेत आणि धापा टाकत आतल्या कुणाला तरी बजावताहेत, “आज धाकट्यांवर भागवते, उद्या तुमची पाळी.” बाई धावत आल्या. दार कुणी उघडलं? खुद्द न्यायाधीशांनी! बाईंनी त्यांना पाहिलं आणि उंबऱ्यावरच कोसळल्या.

सासूबाई पुढे झाल्या, वाकल्या, पाठ सरळ, आणि बाईंना उचलून सोफ्यावर ठेवलं. घरात टाळ्या! पण सासूबाईंचा चेहरा पडलेला. म्हणाल्या, “ही हलकी आहे. ही हिशेबात धरता येणार नाही.”

त्या बाई आज दुसऱ्या रांगेत आहेत. ताईंकडे रोज येतात. बाई, तुमचं वजन वाढल्याबद्दल अभिनंदन.

आता सासऱ्यांकडे वळतो. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना उभं राहायला सांगितलं, त्याला आपली बायको आपल्याला उचलायची तयारी करते आहे, हे कसं रुचावं? वरवर ते मान डोलवायचे. पण सासूबाई दर रविवारी त्यांना वजनकाट्यावर उभं करत, आणि वजन वाढत चाललं होतं. सासूबाई इथे दांड्यावर वजन वाढवायच्या, घरी नवरा वाढायचा.

“तुम्ही मुद्दाम करताय,” त्या म्हणाल्या.

“पुरावा?” सासरे म्हणाले.

पुरावा मिशीवर होता. व्हॅनिलाच्या वासाचा. सासूबाईंचा डबा ते चमच्याने कोरडाच खात होते! मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, “बाबा, व्यायाम न करता ही पावडर म्हणजे नुसतं जास्तीचं जेवण. स्नायू नाही, पोट वाढतंय.” त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाले, “मला उचलावं लागू नये, एवढंच हवं होतं. म्हटलं, ताकद आली तर पडणारच नाही.”

त्या दिवसापासून दुपारी त्यांच्या खोलीचं दार बंद होऊ लागलं. आतून खुर्ची कुरकुरायची आणि ‘हं… हं…’ असा आवाज यायचा. सासूबाईंनी विचारलं तर मी सांगायचो, “जुने निकाल वाचताहेत.”

आणि मग गेल्या महिन्यातला तो रविवार आला. आम्ही सगळे जेवून बसलो होतो. हॉलमधून धप्प असा आवाज. पायपुसण्यात पाय अडकून सासरे आडवे! माझी बायको किंचाळली, मी धावलो, आणि मागून आवाज आला, “कुणी हात लावू नका!”

सासूबाई उभ्या होत्या. क्षमा करा, पण त्यांचा चेहरा आनंदाने उजळला होता. बाह्या वर केल्या. कपाटातून कमरेचा पट्टा काढला. पट्ट्याचं बक्कल बसेना, मी मदत केली, ते एकदाचं बसलं. आम्ही वळलो.

सासरे उभे होते. चष्मा पुसत.

सासूबाई पट्ट्यासकट दोन पावलं पुढे आल्या.

“तुम्ही उठलात?”

“हो.”

“स्वतःचे स्वतः?”

“अगं, पाय होते, वापरले.”

दीड वर्षाची मेहनत, मंडळी! सासूबाईंनी पट्टा आणखी एक भोक आवळला. आणि मग त्या ज्या आवाजात बोलल्या, तो आवाज मी घरात पूर्वी कधी ऐकला नव्हता.

“खाली पडा.”

“काय?”

“पुन्हा पडा म्हणते ना!”

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, पुन्हा बायकोकडे पाहिलं. चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि निमूटपणे सतरंजीवर आडवे झाले. सबंध आयुष्यात त्यांनी दिलेला सगळ्यात योग्य निकाल असेल तर हाच.

सासूबाई गुडघ्यावर बसल्या. त्यांना बसतं केलं, बगलेखालून हात घातले, छातीशी धरलं. “श्वास घ्या,” त्या म्हणाल्या. ते सासऱ्यांना होतं की स्वतःला, कळलं नाही. आणि त्या उठल्या. सावकाश, मांड्यांच्या जोरावर, ताईंनी शिकवलं तश्शा. सासऱ्यांची पावलं जमिनीवरून सुटली. हवेत लोंबकळणारे ते दोन पायमोजे मी जन्मात विसरणार नाही.

“कुठे ठेवू?” सासूबाईंनी विचारलं.

त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकून सासरे म्हणाले, “घाई आहे का तुला?”

अध्यक्ष महाराज, वेळ संपल्याची खूण आपण केव्हाची करता आहात, ती मी पाहिली. एवढंच सांगतो की घरी जाऊन कुणी कुणाला उचलू नका. खुर्चीपासून सुरुवात करा, आणि ताईंना विचारून करा. मला बोलायची संधी दिल्याबद्दल व्यायामशाळेचा ऋणी आहे. आपण इतका वेळ शांतपणे ऐकलंत, काकांनी पायडल आवरलं, त्यांचेही आभार. घरातलं चार लोकांत बोललो. जावई असून जिभेला लगाम घातला नाही. त्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आई, तुम्हीसुद्धा.

नमस्कार.