टेकडीवरच्या विहिरीची सपाट रेघ

मॅडम : उद्याच्या प्रॅक्टिकलची फाइल झाली का तयार? नव्या मुलांना टेकडीवरचीच विहीर देऊ. सोपी आहे. ग्राफला आधी उतार, मग सपाट रेघ. पहिल्याच दिवशी पोरांना हुरूप येतो.

शंका : ती नको, मॅडम. दुसरी कुठलीही द्या. नदीकाठची द्या, बाजारामागची द्या.

मॅडम : का गं? तुझीच तर विहीर ती. गेल्या वर्षी तिच्यासाठी आख्ख्या वर्गाशी भांडलीस. म्हणालीस, आमच्या घरामागेच पाणीखात्याने पातळी मोजायला तो पाइप पुरलाय, आत सेन्सर सोडलाय, रोज येताजाता दिसतो, म्हणून मलाच हवी. आठवतंय ना?

शंका : आठवतंय. हरले असते तर बरं झालं असतं.

मॅडम : वर्गाने तुझं नाव शंका ठेवलं ते उगाच नाही. आता कसली शंका? नीट सांग. आणि आधी तो पंखा कमी कर, माझे कागद उडतायत.

शंका : तुम्ही म्हणालात, जुनी फाइल वापरू नकोस, नव्याने उतरवून घे. म्हणून पाणीखात्याच्या साइटवरून पुन्हा घेतली. तारीख, वेळ, पाण्याची खोली, तापमान. आणि पार उजवीकडे, स्क्रीनच्याही बाहेर, शेऱ्याचा एक रकाना.

मॅडम : तो असतोच. बॅटरी बदलली, तार ओढली, असलंच काहीबाही. तो आपण उडवतो.

शंका : उडवतो. पहिल्याच तासाला तुम्ही सांगितलं होतं, अंकांचे रकाने ठेवा, बाकीचा पसारा काढा, आपले कॉम्प्युटर म्हातारे आहेत, त्यांना ओझं झेपत नाही. आम्ही गुणी बाळांसारखा काढून टाकला. या वेळी मी काढला नाही.

मॅडम : बरं, मग?

शंका : इकडे या ना. इथपासून बघा. एकच अक्षर आहे, खालपर्यंत तेच. मघापासून बोट दाबून धरलंय, संपतच नाही.

मॅडम : डी.

शंका : साइटवर तळाला बारीक अक्षरात खुलासा दिलाय. डी म्हणजे ड्राय. पाणी सेन्सरच्या खाली गेलं, विहीर कोरडी.

मॅडम : थांब, चष्मा लावू दे. ग्राफ जिथून सपाट होतो...

शंका : तिथूनच. त्याच ओळीपासून. ती रेघ पाण्याची नाहीच, मॅडम. सेन्सर टांगलाय बेचाळीस मीटरवर आणि आपली रेघही बेचाळीसवर. पाणी केव्हाच खाली निघून गेलं. हा बिचारा तारेला लोंबकळत बसलाय आणि आपण म्हणालो, पाणी थांबलं.

मॅडम : नाही गं. अगदी सपाट कुठे होती? बारीक थरथर होती तिच्यात. रोज जराशी वर, जराशी खाली. सेन्सर कोरडा असेल तर थरथर कुठून आली?

शंका : मलाही तेच वाटलं. देव करो आणि तुम्ही म्हणता तसंच निघो, असं म्हणत वेधशाळेची फाइल शेजारी मांडली. हवेच्या दाबाची. ही निळी तिची, ही लाल आपली.

मॅडम : एकीवर एक बसतायत.

शंका : जुळ्या बहिणी. तो हवेचं वजन मोजतोय. पाणी त्याच्या गावीच नाही.

मॅडम : आणि मी वर्गात उभी राहून सांगितलं, विहीर श्वास घेते म्हणून. खोल पाण्याला हवेचा दाब जाणवतो, ते खोटं नाही गं. मी स्वतः पाहिलंय. म्हणून तर मला संशय आला नाही. जिला काहीच ठाऊक नाही तिने विचारलं असतं, ही रेघ भर पावसातसुद्धा कशी हलत नाही? माझ्याकडे उत्तर तयार होतं. तयार उत्तर फार वाईट.

शंका : तेच उत्तर आम्ही पोस्टरवर चढवलं. ‘टेकडीखालचं पाणी सावरलं.’ मथळा माझा होता. रंगसुद्धा मीच निवडले.

मॅडम : खड्डेही होते ना तुमचे. पाणी जिरवायचे. तुम्ही पोरांनी सुट्टीत खणले, तळहाताला फोड आले सगळ्यांच्या. ग्राफ सपाट झालेला पाहिला तेव्हा मला वाटलं, देवाला तुमचे फोड दिसले.

शंका : दर्यात खसखस, मॅडम. पायथ्याशी नव्या वसाहतीच्या बोअर रात्रंदिवस ओढतायत. आमचे खड्डे काय पुरणार?

मॅडम : असू दे. चूक झाली, तर चूक दुरुस्त करता येते. पालिकेत पोस्टर लागलं, चार लोकांनी कौतुक केलं, आता दुसरं लावू. विज्ञानात यात कमीपणा नसतो.

शंका : पोस्टर नुसतं लागलं नाही हो. नळयोजनेच्या सभेत दाखवलं त्यांनी. ‘टेकडीच्या पोटात भरपूर पाणी आहे, कॉलेजच्या मुलांनीच सिद्ध केलंय.’ आणि टेकडीला यायची पाइपलाइन वसाहतीकडे वळवली. आज दुपारी शेवटची मंजुरी आहे.

मॅडम : मला कुणी बोललं नाही.

शंका : आपल्या प्रिन्सिपल सरांना बोलावलं होतं सभेला. सत्काराची शाल घालून आले ते. तुम्ही रजेवर होतात.

मॅडम : तुमच्या घरी पाणी येतंय का?

शंका : आमच्या बोअरला खोकला लागलाय. आधी करंगळीएवढी धार, मग खाकरा, मग नुसती हवा. पहाटे एखादी बादली मिळते. आमच्या खालच्या ओळीतल्या घरांना तेही नाही. टँकर मागायला गेलो तर पालिका म्हणते, टेकडी टंचाईत बसत नाही. तुमच्याकडे पाणी आहे.

मॅडम : आणि तू इतके महिने तोंडाला कुलूप लावून बसलीस? एरवी तासाला दहा वेळा हात वर करतेस!

शंका : मला वाटलं, आमचीच बोअर नाठाळ. घरात बादली कोरडी आणि माझ्या ग्राफवर पाणी. मी ग्राफवर विश्वास ठेवला. तुम्हीच शिकवलंत ना, एका घरावरून निष्कर्ष काढायचा नाही.

मॅडम : हो. शिकवलं.

शंका : तुम्हाला बोलत नाहीये मी.

मॅडम : बोल की. बोललीस तर मला जरा बरं वाटेल.

शंका : सरांना सांगू या का आधी?

मॅडम : सर म्हणतील, डेटा पाणीखात्याचा, आपण फक्त रेघ ओढली. मग म्हणतील, दुपारनंतर बघू. पोस्टरखाली नाव माझं आहे. मीच फोन करते. पालिकेच्या इंजिनिअरचा नंबर आहे माझ्याकडे, सहलीच्या परवानगीच्या वेळी घेतला होता. सापडला. गप्प बस हं, मध्ये बोलू नकोस.

(मॅडम फोन लावतात. पलीकडचं बोलणं ऐकू येत नाही.)

मॅडम : नमस्कार साहेब. कॉलेजातून बोलतेय, भूशास्त्र शिकवते. हो, तीच, पोस्टरवाली. नाही, नाही, कौतुक नको, चूक सांगायला फोन केलाय. टेकडीखाली पाणी सावरलं असं आम्ही लिहिलं, ते तसं नाही. सेन्सर कोरडा पडलाय. पाणी त्याच्याही खाली गेलंय, किती खाली ते कुणालाच माहीत नाही. हो, साइटवर लिहिलेलं आहे, कुणीही बघावं. काय म्हणालात? तुम्हाला माहीत होतं? मग सभेत... नाही साहेब, आरोप कसला करतेय मी. बरं, आजची मंजुरी तेवढी थांबवता येईल का? का? पाइप उतरलेसुद्धा? पुरून झाले? मग आज मंजुरी कसली देताय? अस्सं. हो, लेखी देते. पुढच्या आराखड्याला जोडाल. तो केव्हा होतो? ...बरं. नाही, मुलांची काही चूक नाही, माझी आहे. ठेवते.

शंका : पुरून झाले?

मॅडम : वसाहतीच्या रस्त्याने पार टाकीपर्यंत. वरून डांबरसुद्धा पडलं. आजची मंजुरी म्हणजे वरातीमागून घोडं.

शंका : आणि त्यांना माहीत होतं.

मॅडम : त्यांच्या ओव्हरसियरला माहीत होतं, विहीर कोरडी आहे म्हणून. साहेब म्हणाले, पण मॅडम, कॉलेजने लिहून दिल्यावर आम्ही कोण सांगणार?

शंका : त्यांना सपाट रेघच हवी होती तर. आणि ती आपण काढून दिली.

मॅडम : फुकटात. वर चौकट घालून.

शंका : तुम्ही ते पोस्टर उतरवायला जाल?

मॅडम : आत्ताच जाते.

शंका : जाऊ नका. मी कालच गेले होते. ते त्यांनी जिन्याच्या वळणावर लावलंय, तिथे भिंतीला ओल आलीय ना, ती झाकायला. शिपाई म्हणाला, काढू नका ताई, पोपडे पडतात.

मॅडम : हसू नकोस गं.

शंका : हसू नको तर काय करू?

मॅडम : मी दुरुस्ती लिहिते. एक प्रत पालिकेला, एक पाणीखात्याला, एक वर्गाच्या दारावर.

शंका : कोण वाचणार?

मॅडम : कुणी नाही. तरी लिहायची. रोजचा नेम काय कुणी फळाकडे बघून करतं?

शंका : नेमाने हंडा भरत नाही, मॅडम.

मॅडम : नाही भरत.

शंका : उद्या मुलांना काय देऊ मग?

मॅडम : हीच फाइल दे. शेऱ्याच्या रकान्यासकट.

शंका : म्हणजे ती चूक शोधतील. एखादा हुशार पोरगा अर्ध्या तासात हात वर करेल, बाकीचे टाळ्या वाजवतील. आम्ही टेकडीवर घसा कोरडा करून बसायचं आणि त्यांना एक छानसा धडा.

मॅडम : तू म्हणशील तर नाही देत.

शंका : द्या. न देऊन तरी काय मिळणार आहे?

मॅडम : तुझा फोन वाजतोय मघापासून.

शंका : आईचा आहे. वाजू दे.

मॅडम : घे गं. आई आहे.

शंका : हं, बोल आई.

आई : अगं, तास नाही ना चालू? दोनच मिनिटं. मोटरवाला आलाय.

शंका : मोटरवाला? कशाला बोलावलास?

आई : कशाला म्हणजे? मोटर हवा ओढतेय नुसती. पुन्हा सगळी वर काढली, शेजारपाजारचे आले सगळे दोर धरायला. आणि हा बाबा काय म्हणतो, वहिनी, मोटर ठणठणीत आहे, खाली पाणीच नाही. म्हटलं, मला अक्कल शिकवू नकोस. माझ्या लेकीने कॉलेजात मोजलंय. पालिकेच्या भिंतीवर लागलंय ते.

शंका : आई, जरा ऐक...

आई : तूच ऐक. खालच्या ओळीतली काकू काल बोचकं बांधून निघाली होती, भावाकडे जाऊन राहते म्हणाली. मी हाताला धरून थांबवलं तिला. म्हटलं, पाणी कुठे पळून जातंय? आज ना उद्या मोटर नीट होईल. माझ्या शब्दावर राहिली बिचारी. बाकीचेही त्याच भरवशावर आहेत.

शंका : आई, मी घरी येते ना, मग बोलू. मॅडम समोर बसल्यात.

आई : मॅडम आहेत? मग तर बरंच झालं, नमस्कार सांग त्यांना. घरी येईपर्यंत हा थांबतोय कुठला? हे बघ, मी फोन मोठ्या आवाजावर टाकलाय, सगळे ऐकतायत. सांग याला, पाणी किती खोल आहे ते. तुझं ऐकेल तो.