टबाच्या तोटीसाठी निवडलेल्या पाईपाबाबत जबाब

ज्याच्या कृपेने जिभेला खरे बोलण्याचे बळ येते, त्या परमेश्वराला वंदन. (हे वाक्य जबाब देणाऱ्याच्या आग्रहावरून घेतले.)

मी, गल्लीत 'ग्रंथकाका' म्हणून परिचित, वय ७४ वर्षे, व्यवसाय धर्मग्रंथांचे वाचन व निरूपण, राहणार शिवणकामाच्या दुकानावरील मजला, समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

माझ्या पत्नीच्या डोळ्याची नुकतीच शस्त्रक्रिया झाली असून डोक्यावरून पाणी घेण्यास डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे. तिला टबात बसून मानेखालीच स्नान करता यावे, म्हणून तोटीचा भिंतीतला गळका पाईप बदलण्याचे काम मी अंगावर घेतले. नळसामानाचा दुकानदार म्हणाला, "काका, टबाच्या तोटीला तांब्याचाच न्या." त्यावर, ताठरपणा हा अहंकार व लवणे हा विनय, असे मी त्यास सविस्तर समजावले. मागची गिऱ्हाइके ताटकळू लागल्याने त्याने वाद सोडला. मी वाकणारा प्लास्टिकचा पाईप आणून प्लंबरकडून बसवून घेतला.

काल सायंकाळी मी नळ जरासा उघडून पाहिला. तोटीतून पाणी आले. सोबत वरच्या शॉवरमधून काही थेंब माझ्या मस्तकावर पडले. ते कृपेचे तुषार मानून मी हात जोडले व नळ बंद केला. कोणास काही बोललो नाही.

आज सकाळी पत्नीने नळ पूर्ण उघडला. "मेले मी, डोळा गेला माझा, काय केलंत हे!" हा तिचा आवाज खालच्या शिवणकामाच्या ताईंनी ऐकला व पोलिसांना फोन केला. त्यांनी योग्य तेच केले. माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही.

पत्नीचे केस पुसून डॉक्टरांकडे नेण्यासाठी गाडी मागवली. गाडी येईपर्यंत मी, निरूपणात उगारतो तीच तर्जनी, काढलेल्या जुन्या तांब्याच्या पाईपात घालून पाहिली. ती सहज गेली. मग उरलेल्या प्लास्टिकच्या तुकड्यात घातली. तो आतून अरुंद असल्याने ती अडकली. तोटीकडची वाट अपुरी पडून पाणी वर शॉवरमध्ये चढले, हा अर्थ मला तेथे लागला. बोट मात्र निघेना. इतक्यात हवालदारसाहेब आले व "हातातला पाईप खाली ठेवा," असे पुन्हा पुन्हा बजावू लागले. मी म्हणालो, "ठेवता येत नाही." यात उद्धटपणाचा हेतू नव्हता.

पत्नीने त्यांना सांगितले, "यांनी मला हात लावलेला नाही. पाईप निवडलाय फक्त." तिचे म्हणणे खरे आहे.

पट्टीच्या आत पाणी गेले नाही, डोळा शाबूत आहे, असे डॉक्टरांनी तपासून सांगितले. हे वाक्य मी हवालदारसाहेबांकडून दोनदा वाचून घेतले.

उद्या तांब्याचा पाईप बसेल. खरेदीला पत्नीचा भाऊ जाणार आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. साबण लावून बोट सुटले, परंतु सुजल्याने लेखणी धरवत नाही. सबब खाली डाव्या हाताचा अंगठा उमटवतो. शेजारी बसलेली पत्नी म्हणाली, "इतके ग्रंथ वाचून शेवटी झालातच अंगठेबहाद्दर."

हा जबाब जे जे वाचतील, त्यांच्यावर कृपा वरून होवो आणि पाणी तोटीतूनच येवो.